विंगेतून : तिच्यासाठी भूमिका कोण लिहिणार?

ताई, माझी मुलगी १७ वर्षांची आहे. जन्मापासून तिची हाडं ठिसूळ आहेत. आजवर २१ वेळा फ्रॅक्चर झालं. व्हीलचेअरवर असते. नाटकाचं तिला वेड आहे, वह्याच्या वह्या संवाद लिहून भरवते. यंदा कॉलेजच्या एकांकिकेत तिला घ्या म्हणून सरांना भेटले, तर ते म्हणाले, "तिचा आवाज गोड आहे, पडद्यामागून निवेदन देऊ." त्या दिवसापासून ती गप्प आहे. अशा मुलीला नाटकात काही भवितव्य असतं का? पोट भरेल का? की मीच तिची समजूत घालू? — एक आई, बार्शी

समजूत घालू नका. ती गप्प आहे म्हणजे तिला लागलं आहे, आणि लागायलाच हवं होतं. सरांचा हेतू वाईट नसेल. पण पडद्यामागे ठेवणं म्हणजे काय, हे त्या मुलीला सरांपेक्षा जास्त कळतं.

मलाही ते कळतं. मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर आहे. १९७९ साली मिरजेत कॉलेजच्या नाटकात मी काम मागितलं, तर मला प्रॉम्प्टर केलं. "तुझं पाठांतर चांगलं आहे," म्हणाले. होतंच. तीन अंक मला सगळ्यांच्या वाक्यांसकट पाठ होते. पण विंगेत स्टुलावर बसून दिसतं ते अर्धं नाटक. नटाचा एक गाल दिसतो, एक कान दिसतो, आणि समोरच्या अंधारातला हशा नुसता ऐकू येतो. त्या तीन महिन्यांत मी एक गोष्ट शिकले, ती पुढे सांगते. आधी तुमच्या लेकीला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तिला हे उत्तर वाचून दाखवू नका, अंक तिच्या हातातच द्या.

त्यांचं नाव नबिल शबान. जन्म १२ फेब्रुवारी १९५३, जॉर्डनमधल्या अम्मान शहरात. तुमच्या लेकीला जे आहे तेच त्यांना होतं. डॉक्टर त्याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजन शरीरात नीट तयार होत नाही आणि हाड काचेसारखं तडकतं. तीन वर्षांचे असताना उपचारांसाठी त्यांना इंग्लंडला आणलं, आणि पुढचं बालपण तिथल्या इस्पितळांत आणि वसतिगृहांत गेलं. हे वाक्य मी लिहिते आणि दर वेळी थांबते. भाषा वेगळी, देश वेगळा, आणि आजूबाजूला पांढऱ्या चादरी. तुमच्या मुलीजवळ तुम्ही आहात, तिच्यासाठी सरांकडे जाऊन भांडणारी आई आहे. हे तिचं मोठं बळ आहे.

शबान यांना नट व्हायचं होतं. त्या काळी इंग्लंडातल्या नाट्यशाळांचे दरवाजे व्हीलचेअरवरच्या मुलांना जवळपास बंदच होते. शिकायचं कुठे आणि काम मागायचं कुणाकडे? सत्तरच्या दशकात कॉव्हेंट्रीला हेरवर्ड कॉलेज या अपंग विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात त्यांना रिचर्ड टॉमलिन्सन नावाचे शिक्षक भेटले. तिथल्या मुलांनी टॉमलिन्सनांबरोबर स्वतःच्या अनुभवांवर स्वतःच कार्यक्रम रचले आणि स्वतःच केले. एक सर 'निवेदन देऊ' म्हणतात आणि एक सर 'चल, लिहू या' म्हणतात. अशा एका सरांनी काय होतं बघा. १९८० मध्ये शबान आणि टॉमलिन्सन या दोघांनी नाटक कंपनी काढली. तिच्यात नट अपंग, आणि ते हौशी म्हणून नाही, व्यावसायिक नट म्हणून. कंपनीचं नाव ग्रेआय.

नाव ग्रीक पुराणातलं आहे. ग्रेआय म्हणजे तीन म्हाताऱ्या बहिणी. तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात. पाहायचं असेल तेव्हा एकीनं दुसरीला डोळा द्यायचा. मला हे नाव फार आवडतं. जिचा हात चालतो तिनं दुसरीचा पदर खोचायचा, जिला दिसतं तिनं दुसरीला 'पायरी आहे गं' म्हणायचं, हे आम्ही शाळेपासून करत आलो. त्यांनी ते कंपनीच्या दारावर लावलं. पहिल्या नाटकाचं नाव होतं 'साइडशो'. जत्रेत वेगळ्या शरीराची माणसं तिकीट लावून दाखवायचे, त्या खेळाला साइडशो म्हणत. ज्यांना शेकडो वर्षं असं बघितलं गेलं, त्यांनी तोच शब्द उचलला आणि सांगितलं, आता बघाच, पण आम्ही दाखवू तसं.

ती कंपनी आजही लंडनमध्ये चालू आहे. १९९७ पासून तिची सूत्रं जेनी सीली या कर्णबधिर दिग्दर्शिकेनं सांभाळली. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकचा उद्‌घाटन सोहळा ज्या दोघांनी बसवला, त्यातल्या एक त्याच. ग्रेआयच्या नाटकात खुणांची भाषा, पडद्यावर उमटणारे संवाद, अंध प्रेक्षकासाठी केलेलं वर्णन हे सगळं नाटकाच्या पोटातच असतं. कोपऱ्यात उभा राहून हात हलवणारा दुभाषी वेगळा आणि नाटक वेगळं, असा प्रकार नसतो.

आता शबान यांच्या भूमिका. इंग्लंडच्या घराघरांत ते पोचले ते १९८५ मध्ये, 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेतून. भूमिका सिल नावाच्या परग्रहावरच्या प्राण्याची. गोगलगायीसारखं अंग, लोभी व्यापारी, नोकर त्याला उचलून फिरवतात. त्याचं ते घशात गुळगुळणारं हसू शबान यांनीच घडवलं होतं. १९८६ मध्ये त्यांना पुन्हा बोलावलं, इतका तो लोकांच्या डोक्यात बसला.

तुमच्या मनात येईल, म्हणजे शेवटी राक्षसच केलं ना? माझ्याही मनात आलं होतं. अपंग नटाला राक्षस, भिकारी नाहीतर देवमाणूस, याखेरीज फार काही मिळत नाही, हे खरं आहे. १९९२ च्या 'सिटी ऑफ जॉय' चित्रपटात त्यांनी कुष्ठरोगी अन्वर केला. कोलकात्यात चित्रीकरण झालं, ओम पुरी आणि शबाना आझमी त्यात होते. डेरेक जार्मन यांच्या 'विटगेनस्टाइन' या चित्रपटात ते हिरवा मंगळवासी झाले. पण सिलनंतर दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात जोनाथन मिलर यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी काय केलं, तर इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी. ज्या पुस्तकावरून ते नाटक बेतलं, त्यात एक दरबारी नोकर आहे. सम्राट ठेंगणे, सिंहासनं उंच. पाय लोंबकळताना कुणाला दिसू नयेत म्हणून ते बसताक्षणी पायाखाली उशी सरकवायची, एवढंच त्या नोकराचं काम. वेगवेगळ्या सिंहासनांसाठी त्याच्याजवळ ५२ उश्या. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत तो माणूस सत्ताधीशही असू शकतो, आणि त्या पायांसाठी अख्खा दरबार राबतो! ही भूमिका शबान यांच्याइतकी आतून कुणाला कळली असती, मला सांगा. सिललाही उचलून नेतात, सम्राटालाही लोक सांभाळून बसवतात. फरक आहे तो हुकूम देणाऱ्याच्या नजरेत, आणि ती नजर नटाची कमाई असते.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या भूमिकांवर ते थांबले नाहीत. नाटकं लिहिली, माहितीपट केले. २००३ च्या एका माहितीपटात त्यांनी आयव्हर या व्हायकिंग सरदाराचा शोध घेतला. इतिहासात त्याला 'बिनहाडांचा' म्हणतात आणि तो ढालीवरून वाहून नेला जाई अशी कथा आहे. शबान यांनी विचारलं, याला माझाच आजार तर नव्हता? सेनापती होता तो!

आणि मग 'द फर्स्ट टू गो'. सगळ्यात आधी ज्यांना पाठवलं ते. हे नाटक २००८ मध्ये रंगभूमीवर आलं. विषय नाझी जर्मनीतल्या अपंगांचा. ज्यूंच्या संहाराबद्दल आपण शाळेत थोडं तरी वाचतो. त्या आधी काय झालं ते मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. बर्लिनमधल्या टियरगार्टन रस्त्यावरच्या ४ नंबरच्या इमारतीतून कारभार चाले, म्हणून त्या योजनेला टी-४ म्हणतात. हिटलरच्या सहीचं पत्र १ सप्टेंबर १९३९ या तारखेचं, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याच दिवसाचं. संस्थांमधून अर्ज भरून यायचे, डॉक्टर नुसत्या कागदावर खूण करायचे, मग बस यायची. हाडामार, हार्टहाइम, ग्राफेनेक अशी सहा केंद्रं होती. घरच्यांना आजाराचं खोटं कारण लिहून पत्र जायचं. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,२७३ माणसं मारली, हा त्यांच्याच हिशेबातला आकडा. त्याच महिन्यात बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनातून उघड निषेध केला. योजना कागदोपत्री थांबली, पण उपासमारीनं आणि इंजेक्शनं देऊन मारणं पुढेही चालू राहिलं. विषारी वायूची पद्धत आधी या माणसांवर वापरली गेली आणि नंतर छावण्यांत गेली.

हे सगळं मी एका आईला का लिहिते आहे? कारण या विषयावर हे नाटक लिहिणारा माणूस तुमच्या मुलीच्याच हाडांचा होता. त्या काळी जर्मनीत असता तर तो अर्ज त्याच्याही नावानं भरला गेला असता. हा विषय कुणी दुसरा अपंग नटाला आणून देईल, याची वाट त्यानं पाहिली नाही.

प्रॉम्प्टर असताना मी शिकले ते हेच. भूमिका कुणीतरी लिहिलेली असते. तो लिहिणारा चालता-फिरता असेल, तर त्याच्या डोळ्यांसमोर पात्र उभं राहतं तेच चालत. 'प्रवेश करतो', 'धावत जातो', 'तिच्या पायाशी कोसळतो' या सूचना कुणी विचार करून लिहीत नाही, त्या हाताच्या सवयीनं येतात. १९८६ मध्ये मी पहिली एकांकिका लिहिली. ट्रंक एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला असलेली एक ऑपरेटर, ४० मिनिटं खुर्चीतच. लग्नाचे, मयताचे, पैशाचे कॉल जोडते आणि पहाटे स्वतःच्या घरचा कॉल तिला जोडायचा असतो. भूमिका मीच केली. रंगमंचाला ११ पायऱ्या होत्या, मित्रांनी उचलून वर नेलं. एक परीक्षक म्हणाले, "बसून केलेल्या अभिनयाला मर्यादा येतात." ते वाक्य मला वर्षानुवर्षं टोचलं. टेलिफोन ऑपरेटर उभी राहून कशी काम करील, हे मी त्यांना तेव्हाच विचारायला हवं होतं.

म्हणून तुमच्या लेकीच्या वह्या महत्त्वाच्या आहेत. तिला विचारा, तिच्या संवादांत व्हीलचेअरवरचं कुणी आहे का. बहुतेक नसेल. माझ्याही पहिल्या तीन नाटकांत सगळी पात्रं धडधाकट होती. तिला एक पात्र लिहू द्या जे तिच्यासारखं बसतं, तिच्यासारखं चिडतं, आणि ज्याची गोष्ट आजाराबद्दल नाही. भावाशी जमिनीवरून भांडण असेल, कुणावर प्रेम असेल, परीक्षेत कॉपी केली असेल. मग ती संहिता घेऊन सरांकडे तीच जाऊ दे. तुम्ही दाराबाहेर थांबा.

पोटाचं विचारलंत. खोटा दिलासा देणार नाही. शबान यांनी कंपनी चालवली, रंगभूमी, चित्रपट, दूरदर्शन, लेखन असं सगळं केलं, तेव्हा ते आयुष्यभर या क्षेत्रात राहिले. आपल्याकडे तर धडधाकट नटही बँकेत, कचेरीत नोकरी करून संध्याकाळी तालमीला येतात. मीही बँकेत ३१ वर्षं कारकून होते. पदवी तिनं घ्यावीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के. त्यासाठी ४० टक्क्यांहून कमी नसलेल्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते काढलं नसेल तर याच महिन्यात काढा.

तालमीबद्दल थोडं. तिला कोण उचलणार, कुठे धरून उचलणार, हे तिनं ठरवायचं आणि सगळ्या मुलांसमोर एकदा सांगायचं. उत्साहाच्या भरात कुणी काखेत हात घालून उचललं तर बरगडी जाईल. तालीम पहिल्या दिवसापासून खऱ्या व्हीलचेअरवर करा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी ब्रेक लावायचं राहतं. रॅम्प करणार असतील तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, त्याहून कमी लांबीची फळी टाकली तर ती चढण नाही, घसरगुंडी होते. आणि ग्रीनरूम, स्वच्छतागृह यांची दारं टेपनं मोजून घ्या. प्रेक्षकांसाठी कुणी तरी विचार केलेला असतो, नटासाठी केलेला नसतो.

प्रयोग ठरला की तारीख कळवा. मी येईन. पायऱ्या किती आहेत तेही लिहा, मला तशी तयारी करून यावं लागतं.

मी कोल्हापूरचा, २३ वर्षांचा, एकांकिका बसवतो. माझ्या संहितेत हात आखूड असलेला एक तरुण आहे. माझा मित्र उत्तम नट आहे, तो हात शर्टात दुमडून ते छान करतो. पण एक जण म्हणाला की हे चुकीचं आहे. नट म्हणजे जो नाही तो होणं, मग यात चूक काय?

नट म्हणजे जो नाही तो होणं, हे मला मान्य आहे. मग आखूड हातांच्या नटाला राजा होऊ दे, वकील होऊ दे, नवरा होऊ दे. ते होतं का? जोवर तो दरवाजा त्याला बंद आहे, तोवर त्याच्यापाशी राहिलेली एकुलती भूमिकाही आपण काढून घेतो. स्पर्धांमध्ये कुबड्या घेऊन लंगडणाऱ्याला अभिनयाचं बक्षीस मिळताना मी अनेकदा पाहिलं आहे. तो बक्षीस घ्यायला तरातरा पायऱ्या चढून जातो तेव्हा टाळ्या दुप्पट होतात. त्या टाळ्या मला ऐकवत नाहीत.

मॅट फ्रेझर यांचं काम शोधून बघ. जन्म १९६२ चा. आईला गरोदरपणात दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे जन्मतः हात आखूड. ते औषध ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये आलं आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं. जगभरात १०,००० हून अधिक मुलं अशी जन्माला आली. फ्रेझर बँडमध्ये ड्रम वाजवायचे. ग्रेआयचं एक नाटक पाहिलं आणि नट व्हायचं ठरवलं. मग त्यांनी जुन्या जत्रांत 'सील बॉय' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एका आखूड हातांच्या कलावंताचा माग काढला आणि २००१ मध्ये स्वतः लिहिलेलं 'सीलबॉय : फ्रीक' केलं. २००५ मध्ये थॅलिडोमाइडवर चक्क संगीत नाटक लिहिलं. आणि २०१७ मध्ये हल शहरात शेक्सपिअरच्या नाटकातला कुबड असलेला इंग्लंडचा राजा, तिसरा रिचर्ड केला. आजवर किती थोर नटांनी पाठीवर खोटं कुबड बांधून ती भूमिका केली असेल! २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली खऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा दिसलं की पाठीचा कणा वाकडा होता, पण नाटकात सांगतात तसा वाळलेला हात नव्हता. २०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनंही ती भूमिका आर्थर ह्यूजेस या अपंग नटाला दिली.

तू एक कर. मित्राला आत्ताच नाही म्हणू नकोस. आधी दोन आठवडे खरोखर शोध. अपंगांच्या संस्थांना, महाविद्यालयांना, क्रीडा संघटनांना भेट. कुणी मिळालं, तर संहिता त्याला वाचायला दे आणि कुठे खोटं वाटतं ते विचार. मला खात्री आहे, शर्टाची बटणं लावण्याचा तुझा प्रसंग तो बदलायला सांगेल. त्याला बटणं लावता येत असतील, फक्त तुला सुचली नाही अशा रीतीनं.

आमच्या संस्थेच्या स्नेहसंमेलनात एक पोलिओ झालेला विद्यार्थी नाटकात आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'दिव्यांग कलाकार' छापावं की 'अपंग'? — निवृत्त शिक्षक, अलिबाग

सर, सरकारी कागदावर आता दिव्यांग हाच शब्द आहे, तिथे तो वापरावा. मी स्वतःला अपंग म्हणते, कारण माझ्या पायात काही दिव्य नाही, पोलिओ आहे. हेरवर्ड कॉलेजच्या मुलांनी आपल्या एका कार्यक्रमाचं नाव 'रेडी सॉल्टेड क्रिप्स' ठेवलं होतं. रेडी सॉल्टेड क्रिस्प्स म्हणजे तिकडचे साधे खारे बटाटा वेफर्स. त्यातला एक स गाळला की उरतो 'क्रिप', म्हणजे आपल्याकडच्या 'लंगड्या'सारखी शिवी. ती त्यांनी स्वतःच उचलून पाटीवर लावली. पण तो हक्क त्यांचा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पत्रिकेत बाकीच्या मुलांच्या नावापुढे काय छापणार आहात? पात्राचं नाव. त्याच्याही नावापुढे तेच छापा. आणि पत्रिका छपाईला जाण्याआधी एकदा त्याला दाखवा.